‘रिकाम्या’ स्टोव्हचा प्रश्न

हिमालयातील पदभ्रमण ही एके काळी मूठभर हौशी मंडळींची मिरास होती. आज ती स्थिती उरलेली नाही. सह्याद्रीच्या कड्याकपारींत तयार झालेली महाराष्ट्रातील तरुण मुले-मुली दर वर्षी सुट्ट्यांचे दिवस आले की लेह, भुंतर, डेहराडून, काठमांडू या दिशांना निघतात. पूर्वी आगगाडीत दोन रात्री काढून होणारा हा प्रवास आता पुष्कळजण विमानाने काही तासांत उरकतात. सोय वाढली की तिच्याबरोबर नवे प्रश्नही येतात. अशा प्रवाशांच्या सॅकमध्ये दोर, आइस ॲक्स, झोपण्याची पिशवी यांच्या जोडीला एक लहानसा स्टोव्ह असतो, आणि विमानतळावर नेमका तोच वादाचे कारण ठरतो. सामान नोंदवून घेणारा कर्मचारी विचारतो, यात इंधन आहे काय? प्रवासी सांगतो, नाही, रिकामा आहे. कर्मचारी झाकण उघडून वास घेतो आणि स्टोव्ह बाजूला काढून ठेवतो.

पुढचा प्रसंग ठरलेला असतो. प्रवाशाला वाटते, आपल्यावर अन्याय झाला. कर्मचाऱ्याला वाटते, हा गृहस्थ आपल्याला फसवीत होता. वस्तुतः दोघांपैकी कोणीच खोटे बोललेले नसते. एकाने डोळ्यांना दिसणाऱ्या द्रवाचा विचार केलेला असतो, दुसऱ्याने नाकाला जाणवणाऱ्या वाफेचा. ‘रिकामा’ हा शब्द दोघांनी वापरला, परंतु त्याचा अर्थ दोघांचा एक नव्हता. शेकडो माणसांचे प्राण ज्या व्यवस्थेवर अवलंबून आहेत, तिच्यात एका साध्या शब्दाचे दोन अर्थ असणे ही क्षुल्लक बाब म्हणता येणार नाही. यासाठीच या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

स्टोव्ह ही चैन नव्हे

प्रथम प्रवाशाची बाजू समजून घ्यावयास हवी. डोंगरावर जाणाऱ्याने स्टोव्ह कशाला न्यावा, बिस्किटे आणि सुका मेवा खाऊन राहावे, असे घरबसल्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एक गोष्ट माहीत नसते. बर्फाच्या प्रदेशात स्टोव्ह हा प्रथम पाण्याचा नळ असतो, स्वयंपाकाचे साधन तो त्यानंतर. तेथे वाहते पाणी नसते. जे पाणी प्यावयाचे ते बर्फ वितळवूनच मिळवावे लागते, आणि उंचावरील कोरड्या हवेत माणसाला दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी पोटात जावे लागते. शाळेत शिकविलेला अप्रकट उष्णतेचा धडा येथे जिवंत होतो. एक किलो बर्फाचे नुसते पाणी करण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. एवढी उष्णता अंगच्या उबेने किंवा काटक्यांच्या शेकोटीने मिळत नाही. झाडे तर तेथे नसतातच. ज्याच्यापाशी चालू स्टोव्ह नाही त्याच्यापाशी पाणी नाही, आणि पाणी नसलेल्या गिर्यारोहकाला उंचीचा विकार आणि हिमदंश लवकर गाठतात.

हे साधन महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला परके नाही. १८९२ साली स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने हवेच्या दाबावर चालणारा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि ‘प्रायमस’ हे त्याचे नाव जगभर पसरले. चाळीतल्या खोलीत काकडा पेटवून, पंप मारून, पिन फिरवून ज्यांच्या आईने पहाटेचा चहा केला, त्यांच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह आणि एव्हरेस्टवरचा स्टोव्ह ही एकाच वंशातील भावंडे होत. २९ मे १९५३ च्या पहाटे, सुमारे ८,५०० मीटर उंचीवरील अखेरच्या तंबूत एडमंड हिलरी यांचे बूट गोठून दगडासारखे झाले होते. ते त्यांनी स्टोव्हच्या ज्योतीवर धरून मऊ केले आणि मगच तेनसिंग यांच्यासह ते शिखराकडे निघाले. शिखरावर पाऊल ठेवण्याच्या काही तास आधी त्या दोघांचे भवितव्य एका लहानशा ज्योतीवर अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तेव्हा या वस्तूकडे उनाडक्या करणाऱ्यांचे खेळणे म्हणून पाहणे बरोबर नाही.

द्रव गेला, वाफ राहिली

आता दुसरी बाजू. दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या पोटात, जेथे उड्डाण चालू असताना बहुधा कोणाचाही हात पोहोचू शकत नाही, तेथे इंधनाचा काय संभव असतो?

पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो. खरे पाहता पेटते ती त्याची वाफ. ज्या तपमानाला एखाद्या द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा हा बिंदू शून्याखाली सुमारे ४० अंश इतका खाली आहे. म्हणजे लडाखच्या कडाक्याच्या हिवाळ्यातही त्यातून पेटण्याजोगी वाफ निघत असते. रॉकेलचा बिंदू साधारण ३८ अंशांच्या वर असल्याने ते त्या मानाने निर्धोक समजले जाते. परंतु मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या विमानतळावर उन्हात उभ्या असलेल्या सामानाच्या गाडीत हे ३८ अंश केव्हाच ओलांडलेले असतात, हे विसरून चालणार नाही.

यापुढील गोष्ट तर सामान्य समजुतीला धक्का देणारी आहे. इंधनाने काठोकाठ भरलेल्या बाटलीपेक्षा जवळजवळ रिकामी बाटली काही बाबतींत अधिक घातक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच मिश्रण स्फोटक बनते. भरलेल्या बाटलीत वाफेचे प्रमाण याहून फार जास्त असते आणि हवा कमी पडते. उलट एक लिटरच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोलचे अवघे पाच-सहा थेंब राहिले, तर त्यांची वाफ बाटलीतील हवेशी मिसळून नेमके हेच प्रमाण साधते. रिकाम्या पिंपाला झाळ देताना कारागीर दगावल्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात, त्यांच्यामागचे कारण हेच आहे. पिंप रिकामे आहे असे सांगणाऱ्याने डोळ्यांवर विश्वास ठेवलेला असतो.

हवेच्या दाबाचा विचारही येथे करावा लागतो. प्रवासी विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका राखलेला नसतो. तो साधारणतः ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवर असेल इतका खाली येऊ दिला जातो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे विमानात बसलेला प्रवासी आणि त्याखाली ठेवलेले त्याचे सामान ही दोन्ही हवेच्या दाबापुरती कळसूबाईहून कितीतरी उंच गेलेली असतात. घाट चढताना वेफर्सची पिशवी फुगते हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. स्टोव्हच्या टाकीचे झाकण जरा सैल असेल, तर आतील वाफ याच न्यायाने बाहेर पडू पाहते, आणि शेजारच्या कोणाच्या तरी कपड्यांत जाऊन बसते.

१९९६ चे दोन धडे

हा सारा पुस्तकी विचार आहे, असे कोणी म्हणेल. त्याच्यासाठी १९९६ या एकाच वर्षातील, एकाच देशातील, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने घडलेले दोन अपघात पुरेसे आहेत.

११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान मायामीहून अटलांटाकडे निघाले आणि काही मिनिटांतच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. आतील ११० जणांपैकी एकही वाचला नाही. या विमानाच्या पोटात, दुसऱ्या विमानांतून काढलेली, प्राणवायू निर्माण करणारी रासायनिक उपकरणे खोक्यांत भरून ठेवलेली होती. त्यांची मुदत संपलेली होती. पण मुदत संपणे निराळे आणि आतील रसायन संपणे निराळे. त्यांच्यावर बसवावयाच्या सुरक्षा-टोप्या बसविलेल्या नव्हत्या. सोबतच्या कागदावर मात्र ती ‘रिकामी’ असल्याची नोंद होती. ती वाचून माल विमानात चढविला गेला. त्या कप्प्याची रचना अशी होती की, आग लागलीच तर हवेअभावी ती आपोआप विझावी. पण जी वस्तू स्वतःच प्राणवायू निर्माण करते, तिच्यापुढे ही योजना काय करणार? एका शब्दाने ११० माणसांचा बळी घेतला असे म्हणणे अपुरे ठरेल, कारण चुका अनेकांच्या आणि अनेक पायऱ्यांवरच्या होत्या. पण त्या साऱ्या चुकांना विमानाचे दार उघडून देण्याचे काम त्या शब्दाने केले, हे नाकारता येत नाही. पुढे १९९८ साली अमेरिकी सरकारने अशा कप्प्यांत धूर ओळखणारी आणि आग विझविणारी यंत्रणा बसविण्याची सक्ती केली आणि त्यासाठी २००१ पर्यंत मुदत दिली.

दुसरा अपघात १७ जुलै १९९६ चा. न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे ८०० क्रमांकाचे उड्डाण समुद्रावर फुटले आणि २३० जण मृत्युमुखी पडले. प्रथम घातपाताचा संशय बळावला होता. चार वर्षांच्या तपासानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला, तो असा की बोइंग ७४७ जातीच्या त्या विमानाच्या मध्यवर्ती टाकीतील इंधनाच्या वाफेचा स्फोट झाला. ठिणगी बहुधा विजेच्या तारांतील दोषामुळे आली असावी. ही टाकी भरलेली नव्हती. तिच्यात तळाशी थोडेसे इंधन उरलेले होते. व्यवहाराच्या भाषेत ती रिकामीच होती.

विमानाच्या टाकीची आणि पावशेर इंधन मावणाऱ्या स्टोव्हची तुलना कशी करता, असा आक्षेप येऊ शकेल. आकाराची तुलना अर्थातच नाही. तत्त्व मात्र एकच आहे. ज्या व्यवसायातील निष्णात माणसांनाही ‘रिकामे’ या शब्दाने दोनदा चकविले, त्या व्यवसायाने प्रवाशाच्या तोंडच्या त्याच शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा रास्त ठरत नाही.

नियम काय सांगतो

मग नियम सरसकट बंदीचा आहे काय? तसे नाही, आणि हेच पुष्कळ प्रवाशांना आणि, खेदाने म्हणावे लागते, काही कर्मचाऱ्यांनाही माहीत नसते. १९४४ च्या शिकागो कराराच्या १८ व्या परिशिष्टानुसार आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना धोकादायक मालाविषयी तांत्रिक सूचना प्रसिद्ध करते आणि त्या दर दोन वर्षांनी सुधारल्या जातात. त्यांच्याच आधारे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना दर वर्षी आपली नियमावली काढते. भारतातही २००३ साली या विषयाचे स्वतंत्र नियम झाले.

या सूचनांत तीन वर्ग स्पष्ट दिसतात. पहिला वर्ग गॅसच्या डब्यांचा. ब्यूटेन-प्रोपेनचा डबा नवा असो, अर्धा वापरलेला असो वा संपत आलेला असो, तो हातातल्या सामानातही नेता येत नाही आणि विमानाच्या पोटातही नाही. तो पुरता रिकामा झाला हे बाहेरून ठरविण्याचा विश्वासार्ह मार्ग नाही, म्हणून येथे वादाला जागाच ठेवलेली नाही. घन इंधनाच्या वड्यांचीही गत तीच. दुसरा वर्ग अशा बर्नरचा, ज्याला स्वतःची टाकी नाही आणि जो नुसता डब्यावर फिरवून बसवावयाचा असतो. तो स्वच्छ असेल तर ते धातूचे एक निरुपद्रवी यंत्र होय.

खरा प्रश्न तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट यांसारख्या द्रव इंधनावर चाललेल्या स्टोव्हचा आणि त्याच्या बाटलीचा. आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार असा वापरलेला स्टोव्ह नोंदवलेल्या सामानातून नेता येतो. मात्र त्यासाठी विमान कंपनीची संमती लागते आणि ‘रिकामा’ या शब्दाची व्याख्या पाळावी लागते. ती व्याख्या अशी. टाकीतील इंधन ओतून टाकून ती किमान एक तास पुरती निथळू द्यावी. त्यानंतर झाकण न लावता किमान सहा तास उघडी ठेवावी, म्हणजे उरलेले इंधन उडून जाईल. दुसरा मार्ग असा की, टाकीत खाद्यतेल घालून ते पुन्हा ओतून टाकावे. उरल्यासुरल्या इंधनात तेल मिसळले की त्याचा पेटण्याचा बिंदू वर चढतो. यानंतर झाकण घट्ट बसवावे, वस्तू शोषक कागदात गुंडाळावी आणि पॉलिथिनच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे. काही देशांत कसोटी याहून कडक आहे. अमेरिकेत इंधनाचा अवशेष किंवा वाफ मुळीच उरता कामा नये असा दंडक आहे. काही कंपन्या तर वापरलेला स्टोव्ह स्वीकारतच नाहीत.

हे वाचल्यावर नियम करणाऱ्यांच्या समंजसपणाचे कौतुक वाटावयास हवे. त्यांनी गिर्यारोहकाची गरज ओळखली आहे आणि पदार्थविज्ञानही सोडलेले नाही. तास किती, कागद कोणता, पिशवी कशी, हे सांगून त्यांनी एका ढिल्या शब्दाला मोजमाप दिले आहे. चमत्कारिक वाटणाऱ्या नियमांमागेही बहुधा असेच कारण असते. सुके खोबरे धोकादायक मालाच्या यादीत आहे हे ऐकून कोकणातला माणूस हसेल. परंतु तेलाने भरलेले खोबरे दाटीवाटीने साठविल्यास आपोआप तापून पेटू शकते, हे ज्याने खोबऱ्याची वखार चालविली आहे तो जाणतो.

दोष कोठे आहे

मग एवढा शहाणा नियम असताना काउंटरवर भांडणे का होतात? कारण नियम पुस्तकात आहे आणि त्याची माहिती दोन्ही बाजूंना अर्धवट आहे. प्रवाशाला तिकीट काढताना धोकादायक वस्तूंची सूचना दाखविणे कंपनीवर बंधनकारक आहे. ती दाखविली जाते. प्रवासी ती न वाचता ‘मान्य’ या चौकोनावर खूण करतो आणि मोकळा होतो. ज्या यादीत शेकडो वस्तू परिभाषेच्या जंजाळात दिलेल्या आहेत, ती कोण वाचणार? तिकडे काउंटरवर बसलेला तरुण कर्मचारी, ज्याच्यापुढे रांग ताटकळत आहे आणि ज्याने डोंगरावरचा स्टोव्ह आयुष्यात पाहिलेला नाही, तो साहजिकच ‘नाही’ म्हणतो. ‘नाही’ म्हटल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारणार नसते. ‘हो’ म्हटल्याबद्दल विचारले जाऊ शकते.

कंपनीची संमती आवश्यक, ही अट योग्यच आहे. पण संमती देणे न देणे ज्याच्या हाती आहे, त्याने ती कोणत्या आधारावर देणार हे आधी सांगितले पाहिजे. तोच स्टोव्ह, त्याच रीतीने साफ केलेला, जाताना स्वीकारला जातो आणि येताना फेकून दिला जातो, तेव्हा प्रवाशाच्या मनात नियमाविषयी आदर राहत नाही. हा केवळ मान-अपमानाचा प्रश्न नव्हे. वर्षभर शिकवणी करून पैसे साठविणाऱ्या विद्यार्थ्याने घेतलेला चांगला स्टोव्ह काही हजारांचा असतो. आणि तो हिरावला गेल्यावर पुढच्या उंच तळावर त्याने पाणी कसे मिळवावयाचे, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

यावर दोन टोकांचे उपाय सुचविले जातात. एक म्हणजे वापरलेल्या स्टोव्हवर संपूर्ण बंदी. ही सूचना सोपी आणि म्हणूनच आकर्षक आहे. परंतु न्याय्य न वाटणारी बंदी माणसाला लपविण्यास शिकविते, आणि लपविलेली वस्तू जाहीर केलेल्या वस्तूपेक्षा शतपटीने धोक्याची असते. जो प्रवासी आज स्टोव्ह काढून दाखवितो, तो उद्या तो मोज्यांत गुंडाळून सॅकच्या तळाशी दडवील. त्यातून तो निथळलेला नसेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

दुसरे टोक म्हणजे, ‘एवढ्याशाने काय होते’ ही आपल्याकडील सार्वत्रिक वृत्ती. तिचे फळ काय असते हे २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई येथे दिसले. लखनौहून यात्रेकरूंना घेऊन आलेला एक खास डबा तेथील यार्डात उभा होता. त्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर चहा करण्यासाठी वापरला जात असताना आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. १९८९ च्या रेल्वे कायद्यात असा माल नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सूचना स्थानकास्थानकावर लावलेल्या असतात. कायदा होता आणि सूचनाही होती. नव्हता तो एवढाच विश्वास, की ही सूचना आपल्याला उद्देशून आहे. आगगाडीच्या उभ्या डब्यातून उडी तरी मारता येते. आकाशात ती सोय नाही.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत आणि खर्चाचेही नाहीत. विमान कंपन्यांनी स्टोव्हविषयीचे आपले धोरण एका पानात, निथळण्याचे आणि उघडे ठेवण्याचे तास देऊन, प्रवासी समजू शकेल अशा भाषेत छापावे. मुंबई, पुणे, नागपूर येथून हिमालयाकडे जाणाऱ्यांसाठी ते मराठीतही असावे. ज्याने आगाऊ विचारणा केली त्याला संमती किंवा नकार लेखी द्यावा आणि तो कागद सर्व विमानतळांवर मानला जावा. स्टोव्ह नाकारावयाचाच झाला तर कारण लिहून पावती द्यावी आणि तो घरी परत धाडण्याची किंवा परतीपर्यंत ठेवण्याची सोय सशुल्क का होईना, करावी. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात या वस्तूचे प्रत्यक्ष दर्शन घडवावे. टाकीवाला स्टोव्ह कोणता आणि नुसता बर्नर कोणता, हे ओळखण्यास अर्धा तास पुरे आहे.

गिर्यारोहण संस्थांचे उत्तरदायित्व याहून मोठे आहे. महाराष्ट्रात या संस्थांची परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट गाठले, तेव्हा मराठी माणसाची मान उंचावली. अशा संस्थांच्या शिबिरांत दोराच्या गाठी शिकविल्या जातात, तसेच सामान बांधण्याचे हे शास्त्रही शिकविले जावे. बॅटरीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. स्टोव्ह विमानाच्या पोटात गेला पाहिजे, तर हेडलॅम्पच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक नेमक्या उलट, प्रवाशाने आपल्याजवळ ठेवल्या पाहिजेत. कारण बॅटरी पेटली तर ती डोळ्यांसमोर असावी आणि कर्मचाऱ्यांना विझविता यावी. हिमस्खलनात माणसाला वर तरंगत ठेवणाऱ्या फुग्याच्या पाठपिशवीत वायूची नळी असते. ती प्रत्येकी एक, तीही कंपनीच्या संमतीने आणि आपोआप फुटणार नाही अशी बांधून न्यावी लागते. आइस ॲक्ससारखी टोकदार अवजारे नोंदवलेल्या सामानातच शोभतात. प्रत्येक नियमामागचे कारण एकदा सांगितले की तो पाठ करावा लागत नाही.

प्रवाशाने काय करावे? शक्य तेथे टाकी नसलेला बर्नर किंवा कधीही इंधन न भरलेला नवा स्टोव्ह न्यावा, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी स्टोव्ह भाड्याने घ्यावा. इंधन तर नेहमी तेथेच विकत घ्यावयाचे. परदेशी जाणाऱ्याने त्याची नावेही माहीत करून घ्यावीत. आपल्या रॉकेलला अमेरिकेत केरोसीन, इंग्लंडात पॅराफिन आणि जर्मनीत पेट्रोलियम म्हणतात, आणि नावाच्या घोटाळ्यात भलतेच इंधन टाकीत जाऊ शकते. वापरलेला स्टोव्ह न्यावयाचाच असेल, तर परतीच्या प्रवासाआधीची एक पूर्ण रात्र तो उघडा ठेवण्यासाठी राखून ठेवावी. डोंगर उतरून थेट विमानतळ गाठणाऱ्याला हे सात तास मिळत नाहीत, आणि बहुतेक भांडणांचे मूळ येथेच आहे. तेव्हा वेळापत्रक आखतानाच हा विचार झाला पाहिजे.

विमानातील प्रवासी एकमेकांना ओळखत नाहीत. अठरा क्रमांकाच्या रांगेतील आजीबाईंना ठाऊक नसते की तिसाव्या रांगेतील तरुणाच्या सामानात काय आहे. ज्या एका माणसाने आपला स्टोव्ह खरोखरच निथळला, सुकविला आणि जाहीर केला, त्याच्या प्रामाणिकपणावर इतर दीड-दोनशे जण नकळत विसंबलेले असतात. यंत्रे पिशवीच्या आत पाहू शकतात, परंतु त्या टाकीचे झाकण रात्रभर उघडे होते की नाही हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. हे सांगणारा एकच साक्षीदार असतो, आणि तो म्हणजे ज्याने ते झाकण उघडले तो. अशा साक्षीदाराला सन्मानाने वागविणे हे व्यवस्थेचे कर्तव्य आहे. आणि आपली साक्ष खरी असेल याची खबरदारी घेणे हे त्याचे. ‘रिकामा’ या शब्दाचा अर्थ काउंटरच्या दोन्ही बाजूंना एकच होईल, त्या दिवशी हा वाद मिटेल. तोवर प्रवाशाने निदान एवढे करावे की, तो शब्द उच्चारण्यापूर्वी टाकी एकदा उघडून तिचा वास घ्यावा.